शिकाऊ गद्दार

रुग्ण आत आणला तेव्हा जिवंत होता. मालाच्या कोठारात कुणाशी तरी जुंपली होती. अंगभर जखमा होत्या, पण श्वास चालू होता. शिकाऊ डॉक्टरने बायकारिडिनची सिरिंज भरली आणि टोचली. मारामारीच्या जखमांवर हेच औषध चालतं, म्हणजे निवड बरोबर होती. लगेच फरक दिसेना म्हणून पुन्हा टोचली, मग तिसऱ्यांदा. अंगात 15 एककांच्या वर गेलं की हेच औषध उलटतं आणि माणूस गुदमरायला लागतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं घाईत आठवलं नाही. मोठे डॉक्टर शेजारच्या खोलीतून धावत येईपर्यंत रुग्ण आटोपला होता.

खून की अडाणीपणा?

‘स्पेस स्टेशन 14’ या संगणकीय खेळात हा प्रश्न नेहमी पडतो, आणि त्याचं उत्तर देता येऊ नये यातच खेळाची सगळी मजा आहे. पन्नास-ऐंशी माणसं जगाच्या कानाकोपऱ्यांतून एका अंतराळस्थानकावर जमतात. कुणी स्वयंपाकी, कुणी इंजिनीयर, कुणी सफाई कामगार, कुणी कप्तान. तास-दोन तासांची एक फेरी. बहुतेकांनी आपापलं काम करायचं असतं. मोजक्या काही जणांना मात्र फेरी सुरू झाल्यावर गुपचूप कळतं, की आपण ‘सिंडिकेट’ या शत्रुसंघटनेचे हस्तक आहोत. अमक्याला ठार करा, कप्तानाचं ओळखपत्र पळवा, आणि शेवटी सुटकेच्या यानातून बेड्या न पडता निसटा, अशी कामं त्यांच्या माथी मारलेली असतात. हे गद्दार. (महाराष्ट्रात हा शब्द सध्या ज्या अर्थाने एकमेकांच्या अंगावर फेकला जातो, तो इथे मनात आणू नये. इथला गद्दार चिठ्ठी निघाल्यामुळे होतो, आणि फेरी संपली की त्याचं नाव, त्याची कामगिरी, फसलं काय नि साधलं काय, सगळं पडद्यावर जाहीर होतं.)

वाद आहे तो शिकाऊंबद्दल. या स्थानकावर प्रत्येक खात्यात नवख्यांसाठी एक पायरी राखून ठेवलेली असते. दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर, इंजिनीयरिंगमध्ये तांत्रिक साहाय्यक, प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यक, सुरक्षादलात कॅडेट. जो मुलगा काल खेळ उतरवून आज पहिल्यांदा आत आला, त्याने इथे उमेदवारी करावी, हा हेतू. मग गद्दारांच्या चिठ्ठ्या टाकताना या उमेदवारांची नावं डब्यात घालायची की नाही? हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघेही अनुभवी खेळाडू असतात आणि दोघांकडेही मुद्दे असतात. माझं मत ‘घालू नयेत’ असं आहे. पण त्यासाठी नेहमी दिलं जाणारं कारण मला पुरेसं वाटत नाही.

आधी खेळाची थोडी पूर्वपीठिका. मूळ खेळाचं नाव ‘स्पेस स्टेशन 13’. 2003 च्या सुमारास ‘एक्झॅडव्ही1’ असं टोपणनाव घेतलेल्या एका प्रोग्रामरने बियाँड नावाच्या व्यासपीठावर तो लिहिला. त्याची सुरुवात हवेच्या हिशेबापासून झाली. बंद खोलीला भगदाड पडलं तर आतला वायू कुठल्या वेगाने कुठे जाईल, हे संगणकाला दाखवता येतं का, एवढंच बघायचं होतं. स्थानक, माणसं, नोकऱ्या, खून हे सारं नंतर चढत गेलं. पुढे निरनिराळ्या गटांनी तो आपापल्या परीने वाढवला आणि गूनस्टेशन, टीजीस्टेशन, बेस्टेशन अशा शाखा फुटल्या. प्रत्येकीचे नियम निराळे, गंभीरपणाची पातळी निराळी. ‘स्पेस स्टेशन 14’ म्हणजे त्याच कल्पनेचा सी शार्प भाषेत नव्याने लिहिलेला, सर्वांना खुला कोड असलेला अवतार. चित्रं साधी, वरून पाहिल्यासारखी. पण आत गुंतागुंत एवढी की एखादं खातं नीट शिकायला आठवडे जातात.

ही गुंतागुंत लक्षात घेतल्याशिवाय शिकाऊंचा प्रश्न कळणार नाही. दवाखान्यात मार, भाजणं, विषबाधा, गुदमरणं अशी इजेची वेगवेगळी खाती आहेत आणि प्रत्येकाला वेगळं औषध आहे. भाजलं तर डर्मालिन, विष गेलं तर डायलोव्हिन, श्वास कोंडला तर डेक्सालिन. इंजिनीयरिंगमध्ये प्रतिद्रव्यावर चालणारं एक यंत्र असतं. त्यात एका गाभ्यामागे 2 या प्रमाणात इंधन सोडायचं. आकडा वाढवला की वीज भरपूर मिळते, सगळे खूश होतात, आणि थोड्या वेळाने यंत्राचा स्फोट होऊन भिंतीला खिंडार पडतं. मग मूळ लेखकाने 2003 मध्ये मांडलेला हवेचा हिशेब आपलं काम चोख बजावतो. स्थानकांचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात गद्दारांनी केलेल्या नासधुशीपेक्षा शिकणाऱ्यांनी मन लावून केलेल्या नासधुशीची पानं जास्त भरतील, याबद्दल मला शंका नाही.

छुप्या भूमिकांचे खेळ आपल्याला काही नवे नाहीत. राजा-राणी-चोर-शिपाई आपण सगळेच खेळलोय. चार चिठ्ठ्या उधळायच्या, उचलायच्या, शिपायाने चोर ओळखायचा. त्या खेळात चोर होण्यासाठी काहीच यावं लागत नाही. चेहरा सरळ ठेवता आला की झालं, आणि तेही नाही जमलं तर पुढच्या डावात राजा होता येतं. आजीपासून नातवापर्यंत सगळे एका रेषेत. स्थानकावरची चोराची चिठ्ठी मात्र ज्याच्या हातात पडते त्याला आधी दरवाजा कसा उघडतो हे माहीत असावं लागतं.

या साऱ्या खेळांचा आधुनिक पूर्वज म्हणजे ‘माफिया’. मॉस्को राज्य विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री डेव्हिडॉफने 1986 च्या आसपास तो रचला. थोडक्यांना सगळं माहीत, बहुतांना काहीच माहीत नाही, आणि लढाई या दोघांची, ही त्याची मूळ गंमत. अमेरिकेत अँड्र्यू प्लॉटकिनने 1997 मध्ये त्याला लांडग्याचं कातडं चढवून ‘वेअरवुल्फ’ केलं. आपल्याकडे इंजिनीयरिंगच्या वसतिगृहांत रात्री दोन वाजता जो डोळे मिटून खेळला जातो तो हाच. 2018 मध्ये आलेला आणि 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत पोचलेला ‘अमंग अस’ त्याच कुळातला. 2025 मध्ये करण जोहरने जैसलमेरच्या महालात जमवलेले ‘द ट्रेटर्स’ हे त्याचंच ओटीटीवरचं, दागिने घातलेलं रूप. 

‘माफिया’वर गणितज्ञांनीही डोकं चालवलं आहे. ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मॉसेल या तिघांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिलं, की दोन्ही बाजूंना जिंकण्याची बऱ्यापैकी संधी हवी असेल तर गुंडांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या आसपास असावी लागते. म्हणजे 80 माणसांत 9 गुंड पुरतात. ‘स्पेस स्टेशन 14’मध्ये साधारण दहा जणांमागे एक गद्दार या हिशेबाने 80 जणांत 8 निघतात. दोन्ही खेळ अगदी सारखे नाहीत, तेव्हा हा योगायोग फार ताणू नये. पण त्या निबंधाचा दुसरा भाग आपल्या कामाचा आहे. खेळात खात्रीने तपास करणारा एकच गुप्तहेर घातला, की वर्गमूळ कोसळतं. मग तोल राखायला गुंड एकूण संख्येच्या ठरावीक हिश्शाएवढे करावे लागतात. थोडक्यात, कोण निर्दोष आहे याची जराशी पक्की माहिती मिळाली तरी बहुसंख्य बाजूची ताकद अफाट वाढते.

शिकाऊंची नावं डब्यात घाला म्हणणाऱ्यांचा सगळा भर इथे आहे, आणि तो पोकळ नाही. शिकाऊ कधीच गद्दार नसतो असा नियम झाला, की सुरक्षादलाच्या हाती न मागता एक यादी येते. खून झाला, दवाखान्यात चौघे होते, त्यांतले दोघे शिकाऊ. उरले दोन. तपास अर्धा संपला. शिवाय शिकाऊच्या हाती किल्ल्या सोपवता येतात, त्याला साक्षीदार करता येतं, त्याच्या शब्दावर दुसऱ्याला कोठडीत टाकता येतं. ज्या खेळात कुणावरही विश्वास टाकता येऊ नये, तिथे छातीवर ‘मी विश्वासू’ असा बिल्ला लावून फिरणारे दहा जण झाले.

त्यांचा आणखी एक मुद्दा मला फार आवडतो, कारण तो खलनायकाच्या बाजूने विचार करतो. शिकाऊपण हा गद्दाराला मिळू शकणारा सर्वांत सुंदर बुरखा आहे. चुकीच्या खोलीत सापडला? वाट चुकलो. हातात नको ते हत्यार? हे काय असतं, म्हणून उचललं. रुग्णाला तीनदा टोचलं? सॉरी, नवीन आहे. ज्या वर्तनावर इतरांना बेड्या पडतील, त्याच वर्तनावर शिकाऊला प्रेमाने समजावून सांगितलं जातं. सुरुवातीला सांगितलेला तो मृत्यू घ्या. शिकाऊ गद्दार असूच शकत नसेल, तर त्या मृत्यूत काही रहस्य उरत नाही. एक अपघात, दोन शिव्या, विषय संपला. असू शकत असेल तर तोच प्रसंग रंगतदार होतो. मोठे डॉक्टर त्याच्याकडे एक क्षण जास्त पाहतील.

कोरी कोनीएच्काने 2008 मध्ये केलेला ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ हा पटावरचा खेळ आठवतो. त्यात निष्ठेचे पत्ते दोनदा वाटतात, एकदा आरंभी आणि एकदा मध्यावर. पूर्वार्धात प्रामाणिकपणे राबलेला माणूस उत्तरार्धात शत्रूचा निघू शकतो. म्हणून कुणाच्याही नावापुढे कायमची बरोबरची खूण करता येत नाही. 2005 चा ‘शॅडोज ओव्हर कॅमेलॉट’ त्याहून खट्याळ. त्यात निष्ठेचे आठ पत्ते असतात, एकच गद्दाराचा. पाच जण खेळत असतील तर तो पत्ता कदाचित वाटलाही जात नाही, आणि तरीही सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहत राहतात. चांगला रचनाकार संशयाला कुठेही खिंडार पडू देत नाही. ‘घाला’वाल्यांना हेच म्हणायचं आहे.

आता उलट बाजू. नेहमी दिलं जाणारं कारण असं, की नवख्याला गद्दारी झेपत नाही. हे खरं आहे. ज्याला धड चालता येत नाही त्याला खुनाची सुपारी दिली की तो गोंधळतो, दोन मिनिटांत पकडला जातो, नाहीतर घाबरून खेळातून निघूनच जातो. आणि गद्दार हे त्या फेरीचं इंजिन असतं. आठांतले तीन गद्दार कोपऱ्यात उभे राहून मदतीचं पान वाचत बसले, तर उरलेल्या बहात्तर जणांची संध्याकाळ कंटाळवाणी जाते. गद्दाराला मिळणारं दुकान पाहिलं तरी कळतं. खिशातल्या छोट्या संगणकाची रिंगटोन बदलून तिथे गुप्त संकेत टाकायचा, की पडदा पालटतो आणि काळाबाजार उघडतो. हातात तिथलं चलन, 20 टेलिक्रिस्टल. त्यांत विजेची तलवार घ्यायची, कुलपं फितवणारं कार्ड घ्यायचं, स्फोटकं घ्यायची की वेष बदलायचं सामान? कशाला किती पडतात, कशाचा आवाज होतो, काय झडतीत सापडतं? मुरलेले खेळाडूही इथे चुकतात. पहिल्या दिवशीचा मुलगा बहुधा काहीतरी चकचकीत विकत घेतो आणि ते भर चौकात चालू करून पाहतो.

पण यावर ‘घाला’वाल्यांकडे सरळ उत्तर आहे. अडचण अननुभवाची असेल तर अनुभव मोजा, हुद्दा कशाला मोजता? ज्याचे एकूण खेळाचे तास ठरावीक आकड्याच्या वर आहेत त्याचंच नाव डब्यात घाला, मग तो शिकाऊ असो की सर्जन. अशी सोय आहेच. शिवाय प्रत्येक खेळाडूला आपल्या पसंतीच्या पानावर मी गद्दार व्हायला तयार आहे किंवा नाही, अशी खूण आधीच करता येते. ज्याला नको तो खूण काढून टाकेल. तेवढ्यावर हा मुद्दा निकालात निघतो, म्हणून मी म्हटलं की नेहमीचं कारण पुरेसं नाही.

मला खरं कारण दिसतं ते शिकाऊच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसात.

पुण्यातला एखादा मुलगा युरोपातल्या सर्व्हरवर खेळतोय असं धरा. बर्लिनमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे आठ म्हणजे सगळे कामावरून येऊन खेळायला बसण्याची वेळ. आपल्याकडे तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. घरचे झोपलेत, दिवा बंद, कीबोर्डचा आवाज होऊ नये म्हणून बोटं जपून चालवतोय. प्रत्येक आज्ञा पोचायला डोळ्याची पापणी लवावी इतका उशीर होतोय. पडद्यावर इंग्रजी मजकूर भराभर सरकतोय. त्याने शिकाऊ डॉक्टर निवडलंय. त्याच्यासमोर जो डॉक्टर उभा आहे तो पोर्तुगालचा असेल, पोलंडचा असेल. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पाहणारही नाहीत. आणि तो डॉक्टर स्वतःचं काम बाजूला ठेवून टाइप करतोय: आधी स्कॅनर लाव. कुठला आकडा मोठा आहे? लाल आहे ना? मग ही बाटली. थांब, एवढी नको, अर्धी. आता वाट बघ.

पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अख्खी फेरी. याचे त्याला गुण मिळत नाहीत, पदक मिळत नाही, शेवटच्या जाहीर यादीत नाव येत नाही. कुणीतरी कधीतरी त्याला शिकवलं होतं, एवढ्यावर तो शिकवतो. संगणकीय खेळांच्या जगात अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला फुकट, सावकाश, न चिडता काही शिकवावं, हे मला तिथल्या कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त नवलाचं वाटतं. आणि हे केवळ एका समजुतीवर चालतं: समोरचा खरोखर शिकायला आलाय.

त्या समजुतीला तडा गेला की काय होतं? शिकाऊ मागे उभा आहे, हातात सिरिंज आहे, आणि तो गद्दार असू शकतो. डॉक्टर शहाणा असेल तर पाठ भिंतीला लावून उभा राहील. औषधांच्या खोलीत त्याला एकट्याला सोडणार नाही. विषारी रसायन कुठलं, हे तर अजिबात सांगणार नाही. एकदा दोनदा मानेत सुई खुपसली गेली, की तिसऱ्या शिकाऊला तो ‘मदतीचं पान वाच’ एवढंच सांगेल. यात त्याचा दोष नाही. खेळाने त्याला हेच शिकवलं. आणि नुकसान होतं ते खऱ्या नवख्याचं, ज्याने कुणालाही मारलेलं नसतं, मारायचंही नसतं. खेळाच्या तासांची अट इथे उपयोगी पडत नाही. समोरच्याचे तास किती आहेत हे डॉक्टरला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त हुद्दा. म्हणून राखण हुद्द्याचीच करावी लागते.

यावर कुणी म्हणेल, मग स्थानकावरचा साधा प्रवासी? त्यालाही काही येत नाही, तरी तो गद्दार होतोच की. होतो, आणि होऊ द्यावा. ‘स्पेस स्टेशन 13’मधला राखाडी कपड्यांतला असिस्टंट तर त्या बाबतीत बदनामच आहे. कामधंदा नाही, संख्या अमर्याद, दिसेल ते दार उघडायचं, दिसेल ते उचलायचं. त्यांच्या टोळ्यांना खेळाडू ‘ग्रे टाइड’ म्हणतात. पण त्याला कुणी गुरू नसतो. त्याच्यासाठी कुणी वेळ खर्च करत नाही, त्याच्या बोलण्यावर कुणी विसंबत नाही. त्याच्या गद्दारीने कुठलंही नातं मोडत नाही, कारण मोडण्यासारखं काही जुळलेलंच नसतं. 

टीजीस्टेशनच्या कोडबरोबर येणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये या संदर्भात दोन ओळी पाहण्यासारख्या आहेत. एका ओळीने सुरक्षादल आणि तत्सम पदांना खलनायकीतून वगळता येतं, दुसरीने असिस्टंटना. ओळीपुढचं # हे चिन्ह काढलं की ती लागू. सर्व्हर चालवणाऱ्याचं नवख्यांविषयीचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका चिन्हात येऊन बसतं. ‘स्पेस स्टेशन 14’मध्ये तेच प्रत्येक हुद्द्याच्या स्वतंत्र नोंदीत लिहिलेलं असतं: हा माणूस खलनायक होऊ शकतो का, हो किंवा नाही.

तिथल्याच एका जुन्या तरतुदीकडे मात्र वादात कमी लक्ष जातं. एका टप्प्यावर शिकाऊंच्या पदांना उलटी अट लावलेली होती. सहसा वरच्या पदासाठी ‘किमान इतके तास’ असतात. इथे त्या खात्यात 15 तास भरले की शिकाऊचं दार बंद. कोडमध्ये शेजारी टीपही होती, की तुला आता काम येतंय, तर उमेदवारी पुरे कर, अशा अर्थाची. हे फार शहाणपणाचं होतं. कारण शिकाऊंना गद्दार होऊ दिलं, तर त्या जागांकडे सर्वांत आधी धाव घेतील ते मुरलेले खेळाडू. मघाशी सांगितलेला तो सुंदर बुरखा त्यांना हवाच असतो. खात्याच्या दारांची किल्ली मिळते, जबाबदारी शून्य, चुका माफ. मग नवख्यांसाठी राखलेल्या तीन-चार जागांवर पाचशे तास खेळलेले लोक बाळबोध चेहऱ्याने बसतात आणि खरा नवखा प्रवासी बनून बोळातून भटकतो. राखीव डब्यात धडधाकट माणसं चढल्यावर काय होतं, हे लोकलने जाणाऱ्या कुणालाही विचारा.

राहिला तो माहितीचा मुद्दा. शिकाऊ निर्दोष हे आधीच ठरलं, तर संशयाला खिंडार पडतं. गणित तेच सांगतं. पण गणितातल्या माफियात वेष बदलता येत नाही. स्थानकावर येतो.

गद्दाराच्या त्याच काळ्या बाजारात एक बनावट ओळखपत्र मिळतं. त्यावरचं नाव बदलता येतं, हुद्दा बदलता येतो. रंगरूप बदलणारे कपडे मिळतात, घातले की दुसऱ्याच खात्याचा गणवेश. सुरक्षादलाच्या चष्म्यातून माणसाच्या डोक्याशेजारी हुद्द्याचं चिन्ह दिसतं, ते या ओळखपत्रावरूनच वाचलं जातं. म्हणजे ‘शिकाऊ डॉक्टर’ हा बिल्ला पाहून निर्धास्त झालेला शिपाई नेमका फसू शकतो. आता नियमाकडे पुन्हा पाहा. शिकाऊ कधीच गद्दार नसतो, हे सर्वांना ठाऊक असेल, तरच शिकाऊचा वेष चोरण्यात अर्थ आहे. ज्या बिल्ल्याची काही पत नाही तो कोण खोटा छापील? शिकाऊंना डब्याबाहेर ठेवलं की खेळातून संशय जात नाही, त्याचा पत्ता तेवढा बदलतो: हा शिकाऊ गद्दार आहे का, याऐवजी हा शिकाऊ खरंच शिकाऊ आहे का. आणि या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं. स्थानकावर कोण कुठल्या कामावर रुजू झालं याची नोंदवही असते. दक्ष शिपाई ती उघडून पाहील. आळशी शिपाई मरेल. दोन्ही चांगलंच.

डॉक्टरचं काय? तोही फसू शकतो, पण त्याच्यासमोर फेरीच्या सुरुवातीपासून जो उमेदवार उभा आहे तो खराच आहे. अर्ध्या फेरीनंतर अचानक उगवलेल्या तिसऱ्या शिकाऊकडे त्याने संशयाने पाहावं, आणि तसं पाहण्याने पहिल्या दोघांच्या शिकवणीत खंड पडत नाही. बुरखा मिळवायला गद्दाराला क्रिस्टल मोजावे लागले, कपडे बदलायला कोपरा शोधावा लागला, नवख्यासारखं वागायचं नाटक करावं लागलं. फुकट मिळालेल्या शिकाऊपणापेक्षा हे कितीतरी अवघड, म्हणून जास्त रंगतदार.

मधला मार्ग काढणाऱ्यांनी ‘चोर’ या सौम्य खलनायकाकडे बोट दाखवलं आहे. ‘स्पेस स्टेशन 14’मध्ये तो 2023 नंतर रुळला. त्याची मूळ कल्पना अशी, की त्याला कुणाला इजाच करता येत नाही. फक्त वस्तू लांबवायच्या. शिकाऊला खलनायकीची चव द्यायचीच असेल तर इथून द्यावी, असं म्हणणं आहे. मला ते पटण्यासारखं वाटतं, अर्धं. चोराने डॉक्टरचं स्टेथोस्कोप पळवलं तर डॉक्टर वैतागेल, पण पुढच्या शिकाऊला शिकवायचं थांबणार नाही. तरी पहिले काही दिवस तेही नको. चोरीचा माल लपवायचा कुठे, हे कळायला आधी इमारत कळावी लागते.

आणि कॅडेट? सुरक्षादलातल्या शिकाऊबद्दल वाद फारसा होतच नाही. तो गद्दार नसतो, बस. कारण काय, तर त्याच्या हाती शस्त्र आहे, त्याच्या वरिष्ठांनी त्याच्यावर विसंबायला हवं, आणि दलच आतून पोखरलेलं निघालं तर खेळ चालणार नाही. ही तिन्ही कारणं दवाखान्याला लागू पडतात. सिरिंज हे शस्त्रच आहे. बेशुद्ध होऊन टेबलावर पडलेला माणूस पूर्णपणे डॉक्टरच्या हवाली असतो, आणि दवाखान्याचा भरवसा गेला की जखमी लोक तिथे येणंच बंद करतात आणि बोळात पडून मरतात. पोलिसाच्या उमेदवाराला जी सूट सहज मिळते ती डॉक्टरच्या उमेदवाराला द्यायला खळखळ का, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. माझा अंदाज असा, की खेळ रचणाऱ्यांना पोलिसांचं काम महत्त्वाचं वाटतं आणि शिकवण्याचं काम दिसतच नाही.

एक अपवाद मी करीन. पहाटेच्या वेळी, जेव्हा युरोप झोपलेला असतो, काही सर्व्हरवर जेमतेम बारा माणसं उरतात. त्यांत कॅडेट धरून चार शिकाऊ, एक कप्तान, दोन शिपाई. कप्तान आणि शिपाई आधीच वगळलेले. शिकाऊही वगळले तर डब्यात पाच नावं राहतात, आणि गद्दार स्वयंपाकी आहे हे सगळ्यांना दहाव्या मिनिटाला कळतं. एवढ्या रात्री खेळणारे बहुधा एकमेकांना ओळखणारे, जुनेच असतात. शिकाऊचे कपडे त्यांनी मजेखातर घातलेले. तिथे शिकाऊंना वगळणारी ती ओळ बंद ठेवायला माझी हरकत नाही, फक्त फेरीत विसावा माणूस आला की ती आपोआप चालू व्हावी, एवढी सोय कुणीतरी लिहून द्यावी.